रामानुजन आणि दुवे जोडणारी माणसे

प्रतिभावंताचे चरित्र बहुधा एकट्याचे चरित्र म्हणून लिहिले जाते. त्याच्या भोवतालची माणसे प्रसंगापुरती येतात, एखादे पत्र लिहितात, एखादी भेट घडवून आणतात आणि पडद्याआड जातात. श्रीनिवास रामानुजन यांच्या चरित्राबाबत हे विशेषच घडले. कुंभकोणमचा एक गरीब तरुण, त्याने केंब्रिजला पाठविलेले एक पत्र आणि ते वाचून चकित झालेले प्राध्यापक हार्डी, एवढ्या तीन बिंदूंत ही कथा बांधली गेली आणि लोकमानसात तशीच रुजली. परंतु १९१० ते १९१४ या चार वर्षांतील घटनाक्रम बारकाईने पाहिला, तर त्या पत्राच्या मागे आणि पुढे दुवे जोडणाऱ्या माणसांची एक दीर्घ साखळी दिसते. या माणसांपैकी बहुतेकांना रामानुजन यांचे गणित पूर्णपणे कळत नव्हते. तरीही त्यांनी आपला शब्द खर्ची घातला. हा शब्द त्यांना कोणत्या बळावर टाकता आला, हा विद्येच्या इतिहासातील एक मूलगामी प्रश्न आहे.

या साखळीचा आरंभ रामानुजन यांच्यापासून होत नाही. तो एका महसुली अधिकाऱ्याच्या एकाकीपणापासून होतो. व्ही. रामस्वामी अय्यर हे मद्रास इलाख्यात डेप्युटी कलेक्टर होते. भूमिती हा त्यांचा जिव्हाळ्याचा विषय होता. परंतु तालुक्याच्या गावी बदलीवर असलेल्या अधिकाऱ्याला युरोपातील गणिती नियतकालिके कोठून मिळणार? एकट्याच्या पगारात ती मागविणे अशक्य होते. आणि मागविली तरी त्यांवर बोलायला जवळ कोणी नव्हते. १९०६ च्या अखेरीस त्यांनी देशभरातील गणितप्रेमींना एक आवाहन केले: सर्वांनी वर्गणी काढावी, नियतकालिके व ग्रंथ सामायिकपणे मागवावेत आणि ते टपालाने एकमेकांकडे फिरते ठेवावेत. १९०७ च्या एप्रिलमध्ये वीस सभासदांनिशी ‘ॲनॅलिटिक क्लब’ या नावाने ही संस्था उभी राहिली. पुढे तीच ‘इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटी’ झाली.

संस्थेचा संस्थापक मद्रास इलाख्यातील असला, तरी तिचे ग्रंथालय मात्र पुण्यास फर्ग्युसन महाविद्यालयात ठेवण्यात आले. १८९९ साली केंब्रिजमध्ये सीनियर रँग्लर ठरलेले र. पु. परांजपे तेथे प्राचार्य होते, आणि देशातील गणिताभ्यासाचे ते एक स्वाभाविक केंद्र होते. पुण्याहून निघालेले नियतकालिक मद्रासच्या प्राध्यापकाकडे, तेथून एखाद्या जिल्ह्याच्या कलेक्टरकडे आणि पुन्हा पुण्यास, असा हा प्रवास होता. १९०९ पासून संस्थेचे स्वतःचे नियतकालिकही निघू लागले. त्याचे संपादन बंगळूरचे एम. टी. नारायणय्यंगार करीत. त्यात निबंधांबरोबर वाचकांना सोडविण्यासाठी प्रश्नही असत.

या संस्थेने प्रारंभीच्या काळात मोठे शोध लावले, असे कोणी म्हणणार नाही. तिने एक वेगळे काम केले. जी माणसे एरवी एकमेकांना केवळ हुद्द्याने ओळखली असती, ती आता एकमेकांना अभ्यासाने ओळखू लागली. आपले नियतकालिक दुसऱ्याकडे वेळेवर धाडणे, दुसऱ्याचा प्रश्न सोडवून पाहणे, एखाद्या ग्रंथाचा पत्ता कळविणे अशा लहानसहान देवघेवीतून एक विश्वास निर्माण झाला. त्या विश्वासाचा पुढे कोणासाठी उपयोग होईल, याची त्या वेळी कोणालाच कल्पना नव्हती. ओळख गरजेच्या वेळी काढायला गेले की तिला याचनेचे रूप येते. येथे ओळखी आधीच होऊन बसल्या होत्या.

१९१० साली रामस्वामी अय्यर दक्षिण अर्काट जिल्ह्यात तिरुक्कोयिलूर येथे असताना बावीस-तेवीस वर्षांचा एक तरुण त्यांच्याकडे आला. त्याला तालुका कचेरीत कारकुनाची जागा हवी होती. शाळेत गणितात चमकलेले रामानुजन महाविद्यालयात इतर विषयांकडे दुर्लक्ष झाल्याने शिष्यवृत्ती गमावून बसले होते, आणि मद्रासच्या पचय्यप्पा महाविद्यालयातूनही एफ. ए. च्या परीक्षेत अनुत्तीर्ण झाले होते. १९०९ साली त्यांचा विवाह झाला होता. पदवी नाही, उत्पन्न नाही आणि घरची परिस्थिती हलाखीची. हाताशी होत्या त्या केवळ सूत्रांनी भरलेल्या वह्या.

रामस्वामी अय्यर यांनी वह्या चाळल्या आणि जागा देण्याचे नाकारले. महसूल खात्याच्या तळच्या पायरीवर बसवून अशा बुद्धीची घुसमट करण्याची आपली इच्छा नव्हती, असे त्यांनी पुढे नमूद करून ठेवले आहे. वरवर पाहता हा नकार निष्ठुर वाटेल. भुकेल्या माणसाला भाकरी हवी होती. परंतु रिकाम्या हाताने त्यांनी रामानुजन यांना परत पाठविले नाही. मद्रासमधील आपल्या गणिती मित्रांच्या नावे त्यांनी परिचयपत्रे दिली. त्यांतील एक होते प्रेसिडेन्सी महाविद्यालयातील पी. व्ही. शेषू अय्यर. कुंभकोणमला ते रामानुजन यांचे शिक्षकच होते. मधल्या काळात गुरु-शिष्यांची ताटातूट झाली होती. शेषू अय्यर यांनी पुढचे पत्र दिले ते नेल्लोरचे कलेक्टर आणि सोसायटीचे चिटणीस दिवाणबहादूर आर. रामचंद्र राव यांच्या नावे.

रामचंद्र राव यांनी या भेटीचा वृत्तांत रामानुजन यांच्या मृत्यूनंतर लिहिला, आणि त्यातील प्रांजळपणा लक्षणीय आहे. समोर आलेला तरुण ठेंगणा, स्थूल, दाढी वाढलेला आणि फारसा नीटनेटका नसलेला होता; डोळ्यांत तेवढी चमक होती. आपण त्याला आत घेतले ते काहीशा उपकाराच्या भावनेने, हे राव यांनी लपविलेले नाही. वही पाहूनही हा माणूस थोर आहे की भ्रमिष्ट, हे त्यांना ठरविता येईना. तेव्हा त्यांनी निर्णय पुढे ढकलला आणि त्याला पुन्हा बोलाविले. रामानुजन यांनी त्यांचा आवाका ओळखून आधी सोपी प्रमेये दाखविली, मग पायरीपायरीने अवघड विषयांकडे नेले. अखेर राव यांची खात्री पटली आणि त्यांनी विचारले, तुम्हाला हवे तरी काय? निर्वाहापुरते मिळावे, म्हणजे संशोधन चालू ठेवता येईल, एवढेच उत्तर आले. राव यांनी पदरमोड करून सुमारे वर्षभर दरमहा २५ रुपये दिले आणि रामानुजन यांना नेल्लोरला न ठेवता मद्रासला परत पाठविले. आडगावी अशा माणसाला कुजत ठेवणे क्रूरपणाचे होईल, असे त्यांचे मत होते. आश्रयदात्याला आश्रित जवळ असावासा वाटतो, हा जुन्या दरबारांचा रिवाज. राव यांनी तो मोडला.

१९११ पासून सोसायटीच्या नियतकालिकात रामानुजन यांचे लेखन येऊ लागले. बर्नोली संख्यांवरील त्यांचा पहिला निबंध त्याच वर्षी प्रसिद्ध झाला. त्यांनी वाचकांना घातलेला एक प्रश्न अनंत वर्गमुळांच्या गुंफणीचा होता: एकात दुसरे, दुसऱ्यात तिसरे असे वर्गमूळ साठवत गेले, तर एकूण किंमत किती? सहा महिने कोणाचेही उत्तर आले नाही. अखेर रामानुजन यांनीच ते दिले: तीन. वह्यांतील गणित आता मुद्रित रूपात देशभरच्या अभ्यासकांसमोर आले होते. रामस्वामी अय्यर यांनी चार वर्षांपूर्वी स्वतःच्या अडचणीतून उभारलेली वास्तू एका अनोळखी माणसाला उपयोगी पडली होती.

परंतु वर्गणीवर आयुष्य काढणे रामानुजन यांना रुचत नव्हते. १ मार्च १९१२ रोजी ते मद्रास पोर्ट ट्रस्टमध्ये दरमहा ३० रुपयांवर कारकून झाले. तेथील व्यवस्थापनात वरिष्ठ असलेले एस. नारायण अय्यर हे सोसायटीचे कोषाध्यक्ष होते. आणि ट्रस्टचे अध्यक्ष सर फ्रान्सिस स्प्रिंग हे अभियंते होते. संध्याकाळी नारायण अय्यर यांच्या घरी दोघेही पाट्या घेऊन बसत. रामानुजन दहा पायऱ्या दोन पायऱ्यांत ओलांडत, आणि नारायण अय्यर त्यांना थांबवून मधल्या पायऱ्या लिहायला लावीत: मला समजत नसेल तर इतरांना कसे समजणार, हा त्यांचा आग्रह असे. हे कामही दुवा जोडण्याचेच होते. ते गणित जगाला वाचता येईल अशा भाषेत यावे, यासाठी नारायण अय्यर यांनी स्वतःच्या अपुऱ्या समजुतीचा मापदंडासारखा उपयोग केला.

येथून साखळी इंग्रज अधिकाऱ्यांकडे वळते. मद्रास अभियांत्रिकी महाविद्यालयाचे प्राध्यापक सी. एल. टी. ग्रिफिथ यांनी लंडनमधील आपले जुने गुरू एम. जे. एम. हिल यांना लिहिले. डिसेंबर १९१२ मध्ये हिल यांचे उत्तर आले: या तरुणाला गणिताची आवड व काही क्षमता आहे, परंतु अपसारी श्रेढींच्या अवघड विषयात तो फसला आहे, त्याने ब्रॉमविच यांचा ग्रंथ अभ्यासावा. उत्तर सहृदय होते आणि प्रामाणिकही. पण ते अपुरे होते. केंब्रिजचे बेकर आणि हॉब्सन या दोघांकडून तर काहीच साह्य मिळाले नाही. म्हणजे परिचय असूनही दार उघडले नाही. पुढे १६ जानेवारी १९१३ रोजी, शेषू अय्यर यांच्या सल्ल्यावरून, रामानुजन यांनी जी. एच. हार्डी यांना पत्र लिहिले. हार्डी यांच्याशी यांच्यापैकी कोणाचाच परिचय नव्हता. जेथे ओळख होती तेथे काम झाले नाही. जेथे नव्हती तेथे झाले. साखळीच्या महत्त्वाला ही मर्यादा घालूनच पुढे गेले पाहिजे. अखेरचा निवाडा ज्ञात्याचाच असतो. दुवे माणसाला त्याच्या दारापर्यंत नेतात.

हार्डी यांनी लिटलवुड यांच्यासह ती सूत्रे तपासली आणि ८ फेब्रुवारीला उत्तर धाडले. त्याआधीच त्यांनी लंडनच्या इंडिया ऑफिसशी संपर्क साधला होता. परंतु समुद्रपर्यटनाच्या निषेधामुळे रामानुजन विलायतेस जायला तयार नव्हते. तेव्हा मद्रासमधील मंडळींनी दुसरा मार्ग धरला. हवामानखात्याचे प्रमुख गिल्बर्ट वॉकर, जे स्वतः सीनियर रँग्लर होते, फेब्रुवारीच्या अखेरीस मद्रासला आले असता स्प्रिंग यांनी त्यांना वह्या दाखविल्या. हा आपला विषय नव्हे, हे वॉकर यांनी मान्य केले. आणि तरीही या तरुणाला काही वर्षे निर्वेधपणे काम करता येईल अशी सोय विद्यापीठाने करावी, असे दुसऱ्याच दिवशी कुलसचिवांना लिहिले.

१९ मार्च १९१३ रोजी गणित अभ्यासमंडळाची बैठक झाली. ती बोलाविणारे बी. हनुमंत राव हे सोसायटीचे पहिले अध्यक्ष होते. आणि रामानुजन यांच्या कामाविषयी सांगण्यासाठी त्यांनी नारायण अय्यर यांना मुद्दाम बोलाविले होते. मंडळाने दरमहा ७५ रुपयांच्या संशोधनवृत्तीची शिफारस केली. पदवी नसलेल्याला अशी वृत्ती देता येईल काय, हा पेच सिंडिकेटपुढे आला. तेव्हा कुलगुरू न्यायमूर्ती पी. आर. सुंदरम् अय्यर यांनी विद्यापीठाच्या कायद्याच्या प्रास्ताविकाकडे बोट दाखविले: संशोधनास उत्तेजन देणे हेही विद्यापीठाच्या हेतूंपैकी एक आहे. नियमांच्या भिंतीत एक फट सापडली. १ मेपासून वृत्ती सुरू झाली.

शेवटचा दुवा ई. एच. नेव्हिल यांचा. ट्रिनिटी महाविद्यालयाचे हे तरुण गणिती १९१४ च्या आरंभी व्याख्यानांसाठी मद्रासला आले, आणि रामानुजन यांचे मन वळविण्याची कामगिरी हार्डी यांनी त्यांच्यावर सोपविली होती. तोवर रामानुजन यांचा विचार बदललेला त्यांना आढळला. उरल्या त्या व्यावहारिक चिंता: पैसा, इंग्रजीचा सराव, परीक्षांचे भय आणि शाकाहार. नेव्हिल यांनी त्या एकेक करून दूर केल्या आणि कुलसचिव फ्रान्सिस ड्यूसबरी यांना आग्रहाचे पत्र लिहिले. स्प्रिंग यांनी गव्हर्नर लॉर्ड पेंटलंड यांच्यापर्यंत प्रकरण नेले. दोन वर्षांसाठी दरसाल २५० पौंड मंजूर झाले. १७ मार्च १९१४ रोजी ‘नेवासा’ या जहाजाने रामानुजन यांनी मद्रास सोडले.

या सर्व खटपटीला आपल्याकडे ज्याला वशिला म्हणतात तेच म्हणायचे काय? आक्षेप टाळता येण्यासारखा नाही. पोर्ट ट्रस्टमधील जागा ओळखीनेच मिळाली होती. परंतु दोन्हींत एक भेद आहे. वशिल्यात शब्द टाकणाऱ्याचे वजन पाहिले जाते, ज्याच्यासाठी तो टाकला त्याची पारख होत नाही. किंबहुना पारख टळावी म्हणूनच वशिला लावतात. येथे प्रत्येक टप्प्यावर वह्या उघडल्या गेल्या. प्रत्येकाने स्वतःच्या ज्ञानाची मर्यादा ओळखली आणि आपल्यापेक्षा अधिक जाणणाऱ्याकडे प्रकरण सोपविले. रामस्वामी अय्यर, रामचंद्र राव, नारायण अय्यर, वॉकर यांच्या वर्तनात हे सूत्र समान आहे. वशिल्याची वाट पारखीपासून दूर जाते. ही वाट अधिकाधिक कठोर पारखीकडे जात होती.

तथापि या साखळीचे सामाजिक रूप दृष्टिआड करता येत नाही. ती इंग्रजी शिकलेल्या, सरकारी सेवेतील, आणि भारतीयांपुरते बोलायचे तर प्राधान्याने ब्राह्मण असलेल्या मंडळींची होती. रामानुजन गरीब होते, परंतु त्या वर्तुळाच्या दारावर जाऊन उभे राहण्याचा संकोच मोडण्याइतकी सामाजिक जवळीक त्यांना लाभली होती. ज्यांना ती नव्हती, अशा किती जणांच्या वह्या कोणीच उघडल्या नसतील, हे सांगायला इतिहासाकडे साधन नाही. शिवाय जेथे विद्यापीठाचा नियम पदवीवाचून पुढे पाहू शकत नव्हता, तेथेच व्यक्तींना धावून जावे लागले. अठरा ते पंचवीस ही घडणीची वर्षे रामानुजन यांची वाया गेली, असे हार्डी यांचे मत होते. आणि त्याचा दोष त्यांनी ताठर शिक्षणपद्धतीला दिला. दुवे जोडणारी माणसे थोर होतीच. पण त्यांची इतकी गरज पडावी, ही व्यवस्थेची उणीव होती.

पुढील वृत्तांत सर्वश्रुत आहे. १९१८ साली रामानुजन रॉयल सोसायटीचे आणि त्यानंतर ट्रिनिटीचे फेलो झाले. आजारी अवस्थेत मार्च १९१९ मध्ये ते मुंबईला उतरले आणि २६ एप्रिल १९२० रोजी वयाच्या बत्तिसाव्या वर्षी मद्रासला निवर्तले. मायदेशी परतण्यापूर्वी, जानेवारी १९१९ मध्ये, विद्यापीठाने देऊ केलेल्या २५० पौंडांच्या वार्षिक वृत्तीबाबत त्यांनी ड्यूसबरी यांना पत्र लिहिले: आईवडिलांना ५० पौंड द्यावेत, आपला आवश्यक खर्च भागवावा, आणि उरलेली रक्कम गरीब व अनाथ मुलांची फी कमी करण्यासाठी व शाळांना पुस्तके पुरविण्यासाठी खर्च व्हावी. फीपायी आणि पुस्तकांपायी काय अडते, हे ज्याने सोसले होते त्याचे हे पत्र आहे.

या साखळीचा सर्वांत दुबळा भाग मात्र घरातच होता. पत्नी जानकी अम्माळ यांना विद्यापीठाकडून दरमहा २० रुपयांचे निवृत्तिवेतन मिळाले. त्या काही वर्षे मुंबईत भावाकडे राहिल्या, शिवणकाम शिकल्या आणि मद्रासला परतून त्यावर निर्वाह केला. पतीच्या वह्यांसाठी जितकी पत्रे लिहिली गेली, तितकी त्यांच्यासाठी कोणी लिहिली नाहीत. १९९४ साली त्यांचे निधन झाले.

वह्यांचा प्रवास माणसाच्या प्रवासासारखाच हातोहात झाला. शेषू अय्यर यांनी हार्डी व बी. एम. विल्सन यांच्यासह १९२७ साली समग्र निबंधांचे संपादन केले. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने १९५७ साली वह्यांची छायाप्रत दोन खंडांत काढली. अखेरच्या वर्षातील कागद ड्यूसबरी यांनी १९२३ साली हार्डी यांना पाठविले होते. ते पुढे जी. एन. वॉटसन यांच्याकडे गेले. वॉटसन यांच्या मृत्यूनंतर रद्दीत जाण्याच्या बेतात असताना ते व्हिटेकर व रँकिन यांच्या हाती लागले आणि १९६८ साली ट्रिनिटीच्या ग्रंथालयात जमा झाले. तेथे १९७६ साली अमेरिकन गणिती जॉर्ज अँड्र्यूज यांनी त्यांचे मोल ओळखले. मधल्या प्रत्येक हाताने ते कागद केवळ जपून पुढे दिले नसते, तर ओळखायला काहीच उरले नसते.

या मंडळींच्या आठवणी आज उपलब्ध आहेत, त्याचे मोठे श्रेय एस. आर. रंगनाथन यांना आहे. मद्रासच्या प्रेसिडेन्सी महाविद्यालयात गणित शिकविणारे रंगनाथन १९२४ साली मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि भारतीय ग्रंथालयशास्त्राचे प्रवर्तक ठरले. रामानुजन यांना ओळखणाऱ्या माणसांकडून त्यांनी आठवणी मिळविल्या आणि १९६७ साली त्या ग्रंथरूपाने प्रसिद्ध केल्या. ग्रंथ आणि त्याचा वाचक यांची गाठ घालून देणे हे ज्यांनी ग्रंथपालाचे कर्तव्य मानले, त्यांच्याच हातून हे काम व्हावे, हे स्वाभाविक होते. रामस्वामी अय्यर यांनी उभारलेले सोसायटीचे ग्रंथालय १९५० साली पुण्याहून मद्रासच्या रामानुजन गणित संस्थेत हलविण्यात आले. ज्या फिरत्या नियतकालिकांनी त्या माणसांना एकमेकांशी बांधले होते, ती तेथे रामानुजन यांच्याच नावाखाली स्थिरावली.